लेबलं नसलेली पेटी

बुधवारच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत,
नळाच्या तोट्या आणि एकच डावी चप्पल
यांच्या मधोमध पडली होती ही पेटी.
सागवानी, पन्नास खाचांची.
"काचा आहेत, मावशी. फोटोला लावा."
साठ मागितले, चाळीसला दिली.

लेबलं कसरीनं खाल्लेली.
मला चालतं.
एकतीस वर्षं मीच करत होते असल्या काचा:
मेणात बसवलेला तुकडा, पाच मायक्रॉनची पट्टी,
कोमट पाण्यावर सोडायची, श्वास रोखून उचलायची.
हसलं तरी सुरकुती पडते.

रात्री ओटा पुसून झाल्यावर
मायक्रोस्कोप काढते. कॉलेजनं निकालात काढला
तेव्हा घेतलेला. आरसा ट्यूबलाइटकडे वळवते.

पहिली सोपी.
गुलाबी लाटा, सगळ्या एकाच दिशेनं. टेंडन.
दरवर्षी निम्मी पोरं इथं 'स्नायू' लिहायची.
अरे, स्नायूचं केंद्रक पेशीच्या पोटात असतं,
आणि ही बघ, तंतूंच्या फटीत चेपलेली,
तिघांच्या बाकावर चौथा बसतो तशी.

दुसरी विरल ऊती. धड काहीच नाही.
जाड तंतू, बारीक तंतू, कुणीकडून कुणीकडे,
मधेच एक दाणेदार पेशी,
अनारशाला एकाच जागी खसखस लागावी तशी, जांभळी.
'संयोजी म्हणजे जोडणारी,' पोरं घोकायची.
मला आधी दिसते ती जागा. मग तंतू.

तिसरी, रिकाम्या खोल्या. चरबी.

तबस्सुम मणियार नावाची एक मुलगी होती.
तास संपला तरी उठेना.
"मॅडम, इथं तर काहीच नाहीये."
मी मॅडम नव्हते. काचा मांडणारी बाई होते.
तरी सांगितलं: चरबी झायलीननं केव्हाच धुऊन नेली,
आपण बघतो ती तिची जागा.
कडेला सरकलेलं केंद्रक बघ, अंगठीतल्या खड्यासारखं.
आणि काळी जाड कड दिसली तर ती चरबी नव्हे,
हवेचा बुडबुडा. तो माझ्या हातून राहिलेला.
तिनं सगळं उतरवून घेतलं.
शेवटचं वाक्यसुद्धा.

चार, पाच, सहा फुटलेल्या.

सातवी कास्थी.
निळसर, पहाटेच्या मुठेवरच्या धुक्यासारखी,
एकेका खळीत दोन दोन पेशी, शेंगेतले दाणे.
परवा रास्ता पेठेत डॉक्टरांनी
माझ्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यावर लावला.
"इथली गादी झिजलीय," म्हणाले,
दोन हाडांमधल्या काळ्या फटीवर बोट ठेवून.
एक्स-रेत कास्थी येत नाही.
हाडं एकमेकांपासून किती लांब उरलीत
तेवढंच येतं.
बाराशे वेळा तरी मी तिला निळी केली असेल,
आणि माझी मला
बघता येईना.

हाड. गोलात गोल, मधे भोक.
पुन्हा टेंडन.
त्वचेखालची दाट, अस्ताव्यस्त, विस्कटलेला बिछाना.
कानाची पाळी? नाही, कानाचीच कास्थी, पाळीत कुठली कास्थी!
झोप यायला लागली की अशा चुका होतात.

एकोणिसावी परत चरबी.
खालच्या कोपऱ्यात बुडबुडा, काळी जाड कड.
वरची काच जराशी उजवीकडे तिरकी,
डावऱ्या हाताची बसते तशी.

मी डोळा काढला. पुसला. पुन्हा लावला.

असेलही.
पुण्यात डावऱ्या बायका काय कमी आहेत.

खालच्या मजल्यावर कुणीतरी मोटर बंद केली.
मी वहीच्या कडेची पट्टी कापली,
डिंक लावला,
पेन्सिलीनं लिहिलं: चरबी.
आणि खाली, लहान अक्षरात:
बुडबुडा माझा.